दोन कॅमेरे

(आपण एखादी वस्तू विकत घेताना तिची किंमत पाहतो, रंग पाहतो, उपयोग पाहतो. 'ही वस्तू बिघडली तर दुरुस्त होईल का?' हा प्रश्न मात्र फारसे कोणी विचारत नाही. प्रस्तुत पाठात लेखकाने फिल्मवर चालणाऱ्या दोन प्रकारच्या कॅमेऱ्यांची रचना सोप्या भाषेत समजावून सांगितली आहे. त्यांपैकी कोणता कॅमेरा अधिक काळ दुरुस्त करता येतो आणि का, याचा विचार या पाठात आहे.)

माझ्या घरी एका लाकडी पेटीत दोन कॅमेरे जपून ठेवलेले आहेत. दोन्ही माझ्या अब्बांचे. मालेगावात त्यांचा छोटासा फोटो स्टुडिओ होता. लग्नसमारंभ, शाळेची संमेलने, ओळखपत्रांचे फोटो यांवर आमचे घर चालत असे. त्या दोन कॅमेऱ्यांपैकी एक जड आहे, धातूचा आहे आणि वयाने मोठा आहे. दुसरा हलका आहे, दिसायला सुबक आहे आणि पहिल्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे. आज त्यांतला थोरला चालतो आणि धाकटा बंद आहे. असे का झाले, तेच आज मी तुम्हांला सांगणार आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांनी मोबाइलवरच फोटो काढले असतील. फिल्मचा कॅमेरा वेगळा असतो. त्यात एक गुंडाळी घालावी लागते. तिला आपण 'रोल' म्हणतो. नेहमीच्या ३५ मिलिमीटर रोलवर ३६ फोटो निघतात. आपल्या देशात अनेक घरांत 'आग्फा क्लिक थ्री' नावाचा साधा कॅमेरा असे. त्याच्या रोलवर तर फक्त १२ चौरस फोटो निघत. म्हणून फोटो काढण्यापूर्वी माणसे केस नीट करत, लहान मुलांना पुढे उभे करत आणि श्वास रोखून थांबत.

आता कॅमेऱ्याच्या पोटात काय असते ते पाहू. समोर भिंग असते. मागे फिल्म असते. या दोघांच्या मध्ये एक झडप असते, तिला शटर म्हणतात. चांगल्या कॅमेऱ्यात हे शटर दोन पडद्यांचे असते. तुम्ही बटण दाबले की पहिला पडदा सरकतो आणि प्रकाश फिल्मवर पडू लागतो. ठरलेला वेळ संपला की दुसरा पडदा त्याच्या मागोमाग सरकतो आणि प्रकाश बंद होतो. हा वेळ एका सेकंदाचा साठावा भाग असेल, नाहीतर पाचशेवा भागही असेल. वेळ जास्त झाला तर फोटो पांढुरका होतो. कमी झाला तर काळवंडतो. म्हणजे कॅमेऱ्याचे सगळे काम या वेळेवर अवलंबून आहे. मग प्रश्न असा, की हा वेळ मोजतो कोण?

यांत्रिक कॅमेऱ्यात हा वेळ कमानी आणि दंतचक्रे मोजतात. कमान म्हणजे स्प्रिंग. रोल पुढे सरकवण्यासाठी आपण कॅमेऱ्याचा दांडा ओढतो, तेव्हाच कमान ताणली जाते. बटण दाबताच ती मोकळी होते आणि पडदा ओढते. वेळ थोडा जास्त हवा असेल, तर लहान लहान दंतचक्रांची एक साखळी दुसऱ्या पडद्याला रोखून धरते. जुन्या भिंतीवरच्या घड्याळात असते तशीच ही व्यवस्था. अशा कॅमेऱ्याची चकती एका सेकंदावर ठेवून बटण दाबा आणि कान लावून ऐका. 'घर्रर्र' असा बारीक आवाज येतो. तो त्या चक्रांचा आवाज.

१९७६ ते १९९७ या काळात विकला गेलेला जपानचा 'पेंटॅक्स के १०००' हा कॅमेरा याच जातीचा. जगभर अनेक विद्यार्थी त्याच्यावरच फोटोग्राफी शिकले. १९८२ मध्ये आलेला 'निकॉन एफएम टू' हाही असाच. त्याचे शटर सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत वेगाने चालत असे आणि तेही केवळ कमानीच्या जोरावर. त्यात बॅटरी होती, पण ती फक्त प्रकाश मोजण्यापुरती. बॅटरी काढून टाकली तरी शटर चालूच राही.

इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यात वेळ मोजण्याचे काम विजेकडे असते. १९७६ मध्ये जपानच्या 'कॅनन' कंपनीने 'एई-१' हा कॅमेरा बाजारात आणला. त्यात संगणकाच्या जातीची छोटी चिप होती. पडदे ओढायला कमानी येथेही होत्याच. पण दुसरा पडदा केव्हा सोडायचा, हा हुकूम आता दंतचक्रे देत नव्हती. एक छोटा विद्युतचुंबक पडदा धरून ठेवी आणि सर्किटने सांगितले की सोडून देई. प्रकाश किती आहे हेही ते सर्किटच मोजत असे आणि भिंगाचे छिद्र किती उघडायचे तेही ठरवत असे. यामुळे कॅमेऱ्यातले सुमारे ३०० सुटे भाग कमी झाले. तो बनवणे सोपे झाले, किंमत कमी झाली आणि नवशिक्या माणसालाही चांगले फोटो काढता येऊ लागले. पण त्यातली सहा व्होल्टची बॅटरी संपली की त्याचे शटर मुळीच हलत नाही.

मित्रांनो, यावरून इलेक्ट्रॉनिक कॅमेरा वाईट होता असे समजू नका. सर्किट वेळ फार अचूक मोजते. कमान वर्षानुवर्षे ताणून थोडी सैल पडते, वंगण घट्ट होते आणि वेळ चुकू लागतो. सर्किटच्या बाबतीत हा दोष फार कमी. माझ्या अब्बांनीही याच कारणासाठी दोन वर्षे पैसे साठवून धाकटा कॅमेरा घेतला होता. तो घरी आला त्या दिवशी अम्मीने शेजारीपाजारी शिरखुर्मा वाटला होता.

२००४ सालची गोष्ट. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो आणि सुट्टीच्या दिवशी अब्बांची बॅग उचलायला जात असे. आमच्याच मोहल्ल्यात एक निकाह होता. दुपारची वेळ होती, अंगणात भरपूर ऊन होते. अब्बांनी नव्या कॅमेऱ्यावर तीन फोटो काढले. चौथ्या वेळी बटण दाबले तर काहीच हालचाल नाही. त्यांनी बॅटरी बदलली. तरी नाही. माझे हातपाय गार पडले. निकाह काही पुन्हा होणार नव्हता! पण अब्बांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी बॅगेच्या तळाशी ठेवलेला जुना कॅमेरा काढला आणि त्यात नवा रोल घातला. त्याचा प्रकाशमापक केव्हाच बंद पडला होता. अब्बांनी एकदा आभाळाकडे पाहिले, एकदा अंगणातल्या सावलीकडे पाहिले आणि चकत्या फिरवल्या. नंतर त्यांनी मला एक सोपा नियम शिकवला. भर उन्हात भिंगाचे छिद्र १६ या आकड्यावर ठेवायचे आणि फिल्मवर जो आकडा छापलेला असेल, साधारण तेवढ्यावा भाग सेकंद शटर उघडायचे. फिल्म १०० ची असेल तर १२५ वर चकती ठेवायची. सावलीत छिद्र वाढवत जायचे. त्या दिवशीचे सगळे फोटो नीट आले. पाहुण्यांना काही कळलेही नाही.

धाकटा कॅमेरा अब्बांनी दुरुस्तीच्या केंद्रात नेला. 'याचे सर्किट गेले आहे आणि तो भाग आता येत नाही,' असे उत्तर मिळाले. तो कॅमेरा आणखी दोन ठिकाणी फिरला आणि शेवटी पेटीत गेला.

अनेक वर्षांनी, गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, मी दोन्ही कॅमेरे घेऊन मुंबईला गेलो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ बोरा बाजार नावाची गल्ली आहे. तेथे कॅमेऱ्यांची बरीच दुकाने आहेत. एका जिन्याखालच्या टेबलाशी एक वयस्कर कारागीर बसलेले होते. त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि प्रथम थोरला कॅमेरा उघडला.

"मास्तर, हे पाहा," ते म्हणाले. मी वाकून पाहिले. आत छोटी चक्रे, तरफा आणि कमानी दिसत होत्या. "वंगण सुकून गोंद झालंय. म्हणून हे चक्र अडखळतं. साफ करायचं, नवं तेल अगदी सुईच्या टोकाएवढं द्यायचं, वेळ जुळवायची. झालं काम."

"आणि एखादे चक्र तुटलेलेच असेल तर, काका?"

"दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातून काढायचं. नाही मिळालं, तर पितळेचं घासून करायचं. वेळ लागतो, मेहनत लागते; पण डोळ्याला दिसतं ते हाताला करता येतं."

मग त्यांनी धाकटा कॅमेरा उघडला. आत कागदासारखी पातळ, घडी घातलेली तांबूस पट्टी होती आणि तिच्यावर काळ्या चिपा चिकटवलेल्या होत्या. काकांनी बॅटरीच्या जागेवरचा हिरवा गंज खरवडून काढला, दोन सुटलेले सांधे पुन्हा जोडले आणि मीटर लावून पाहिले. अर्धा तास ते त्याच्याशी झटत होते. शेवटी त्यांनी मान हलवली. "गंज असता किंवा तार तुटली असती तर चालवला असता. असे कितीतरी चालवलेत मी. पण याची चिप गेलीय. ती या एकाच मॉडेलसाठी बनवलेली होती. बाजारात मिळत नाही आणि घासून करता येत नाही."

विद्यार्थी मित्रांनो, या दोन उत्तरांतच सगळे मर्म आहे. यांत्रिक कॅमेऱ्यातला बिघड दिसतो, त्याचे कारण समजते आणि बिघडलेला भाग साध्या हत्यारांनी पुन्हा करता येतो. इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यातला बराचसा बिघड डोळ्यांना दिसत नाही आणि खास बनवलेली चिप मोठ्या कारखान्याशिवाय तयार होत नाही. कारखान्याने ती बनवणे थांबवले आणि साठवलेल्या चिपा संपल्या, की इलाज संपला. मग उरतो एकच मार्ग: दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातून चिप काढणे. पण तीही तितकीच म्हातारी झालेली असते!

याचे एक उदाहरण पाहा. 'कॅनन' कंपनीने 'ईओएस-१ व्ही' हा आपला उत्तम फिल्म कॅमेरा २००० मध्ये आणला. २०१८ मध्ये त्याची विक्री थांबवली, तेव्हाच तिने दुरुस्तीची अखेरची मुदत ऑक्टोबर २०२५ अशी जाहीर केली. याउलट जर्मनीच्या 'लायका' कंपनीचा १९५४ मधला 'एम ३' हा यांत्रिक कॅमेरा आजही दुरुस्त होतो. याच कंपनीने २०१४ मध्ये 'एम-ए' नावाचा फिल्म कॅमेरा नव्याने काढला. त्यात बॅटरी मुळीच नाही. अर्थात हे कॅमेरे फार महाग आहेत, ही गोष्टही विसरता येत नाही.

काही कंपन्यांनी मधला मार्ग काढला होता. १९८० च्या 'निकॉन एफ ३' मध्ये शटर विजेवर चालत असे. पण भिंगाजवळ एक छोटी तरफ होती. बॅटरी संपली तरी ती दाबून एका ठरावीक वेगाने फोटो काढता येत असे. संकटकाळासाठी एक साधी वाट उघडी ठेवणे, हा शहाणपणाच नव्हे का?

यांत्रिक कॅमेराही अमर नसतो, हे मात्र लक्षात ठेवा. प्रकाश आत जाऊ नये म्हणून लावलेला फोम काही वर्षांनी चिकट होऊन गळतो. वंगण सुकते. आपल्या कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातल्या दमट हवेने भिंगाला बुरशी लागते. जुन्या प्रकाशमापकांना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागत असे. पारा विषारी असल्यामुळे अनेक देशांनी असे सेल बंद केले. अमेरिकेत तसा कायदा १९९६ मध्ये झाला. आता त्या जागी १.५ व्होल्टचा सेल घातला तर मापक चुकीचे माप दाखवतो. म्हणजे आतले भाग धडधाकट असले, तरी बाहेरची एखादी वस्तू नाहीशी झाल्यामुळे यंत्र अडते.

दहा दिवसांनी मी थोरला कॅमेरा आणायला गेलो. काकांनी चकती एका सेकंदावर ठेवून बटण दाबले. 'घर्रर्र' असा स्वच्छ आवाज आला. मी आनंदाने म्हणालो, "काका, आता हा आणखी पन्नास वर्षे चालेल!"

काका हसले. "चालेल की. पण मधे एकदा उघडावा लागेल, तेव्हा कोण उघडणार? माझ्यानंतर या टेबलावर बसणारं कोणी नाही. मुलगा दुसऱ्या धंद्यात आहे. शिकायला येतो असं दोघातिघांनी सांगितलं, पण आलं कोणी नाही."

मी निरुत्तर झालो. तोपर्यंत मी समजत होतो, की दुरुस्ती म्हणजे सुट्या भागांचा प्रश्न. आता कळले, की तो माणसांचाही प्रश्न आहे. ज्या दिवशी शेवटचा जाणता हात थांबेल, त्या दिवशी पितळेचे चक्रही चिपेइतकेच मुके होईल.

म्हणूनच हुन्नर एका हातातून दुसऱ्या हातात गेला पाहिजे आणि लिहूनही ठेवला पाहिजे. अल्-जझरी या थोर कारागिराने १२०६ मध्ये यंत्रांविषयी एक ग्रंथ अरबी भाषेत लिहिला. कोणता भाग कसा करावा, कसा जोडावा, हे त्याने आकृत्यांसह इतके नीट सांगितले, की त्यावरून त्याचे पाण्यावर चालणारे घड्याळ आपल्या काळातही पुन्हा बांधता आले. अगदी अलीकडे 'पेंटॅक्स' कंपनीने पुन्हा फिल्म कॅमेरा बनवायचे ठरवले, तेव्हा तिने आपल्या जुन्या, जाणत्या अभियंत्यांची मदत घेतली. २०२४ मध्ये 'पेंटॅक्स १७' हा कॅमेरा बाजारात आला. त्यात प्रकाश मोजायला वीज आहे, पण रोल ओढायला पूर्वीसारखाच दांडा आहे. जुने ज्ञान जिवंत होते, म्हणून ते उपयोगी पडले.

मित्रांनो, ही गोष्ट केवळ कॅमेऱ्याची नाही. मिक्सर, पंखा, शिवणयंत्र, मोबाइल, सर्वांनाच ती लागू आहे. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. वस्तू दुरुस्त कशी करावी, तिचे भाग कोठे मिळतील, ही माहिती ग्राहकाला मिळावी हा त्यामागचा हेतू. पण आपला हक्क वापरण्यासाठी आधी प्रश्न विचारता आले पाहिजेत. ही वस्तू उघडता येते का? हिचे सुटे भाग मिळतात का? आणि आपल्या गावात ती दुरुस्त करणारा कोणी आहे का?

अब्बांचा थोरला कॅमेरा मी आता शाळेत आणतो. मागच्या महिन्यात नववीतल्या एका मुलीने त्याचे मागचे झाकण उघडून, पडद्यांकडे पाहत मला विचारले, "सर, हा दुसरा पडदा थांबतो कशाने?" मी तिला उत्तर लगेच सांगितले नाही. छोटा पेचकस तिच्या हातात दिला, जवळ एक बंद पडलेला जुना कॅमेरा ठेवला आणि म्हणालो, "उघडून पाहा."

शब्दार्थ

कमान – स्प्रिंग
दंतचक्र – दाते असलेले चाक
तरफ – एका टोकाला दाबले की दुसरे टोक हलते असा दांडा
वंगण – यंत्र सहज फिरावे म्हणून घातलेले तेल
प्रकाशमापक – उजेड मोजणारे साधन
बुरशी – दमट हवेत वाढणारा पांढरट थर
मर्म – मुख्य अर्थ
निरुत्तर होणे – उत्तर न सुचणे
हुन्नर – हातातली कला, कौशल्य
पेचकस – स्क्रू फिरवण्याचे हत्यार

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) लेखकाच्या अब्बांचा स्टुडिओ कोठे होता?
(२) शटरमध्ये किती पडदे असतात?
(३) 'निकॉन एफएम टू' मध्ये बॅटरीचा उपयोग कशासाठी होत असे?
(४) पाऱ्याचे सेल का बंद करण्यात आले?

प्र. २. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(कमान, विद्युतचुंबक, बुरशी, ३६)
(१) ३५ मिलिमीटरच्या रोलवर ........ फोटो निघतात.
(२) यांत्रिक कॅमेऱ्यात पडदा ........ ओढते.
(३) इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यात दुसरा पडदा ........ धरून ठेवतो.
(४) दमट हवेने भिंगाला ........ लागते.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) निकाहाच्या दिवशी अब्बांनी अडचणीतून मार्ग कसा काढला?
(२) धाकटा कॅमेरा दुरुस्त का होऊ शकला नाही?
(३) यांत्रिक कॅमेराही अमर नसतो, असे लेखक का म्हणतो?

प्र. ४. पुढील वाक्ये कोणी कोणाला म्हटली ते सांगा.
(१) "डोळ्याला दिसतं ते हाताला करता येतं."
(२) "सर, हा दुसरा पडदा थांबतो कशाने?"

प्र. ५. 'दुरुस्ती हा माणसांचाही प्रश्न आहे.' या विधानाविषयी तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.

प्र. ६. पुढील शब्द उर्दूतही वापरले जातात. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
पडदा, कारागीर, हुकूम, मेहनत, इलाज, दुकान

प्र. ७. वचन बदला.
चक्र, पट्टी, कमान, पडदा, दांडा

प्र. ८. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
हातपाय गार पडणे, श्वास रोखणे, मार्ग काढणे

उपक्रम : तुमच्या गावातील घड्याळ, शिवणयंत्र, रेडिओ किंवा मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराला भेटा. तो हे काम कोणाकडून शिकला, कोणते सुटे भाग आता मिळत नाहीत आणि त्याच्याकडे कोणी शिकत आहे का, हे विचारा. मिळालेली माहिती मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.